सर, एक शिफारसपत्र पाहिजे होतं!

तुमच्यापैकी कोणीतरी आत्ता याच ठिकाणी अडकलेलं असेल. परदेशातल्या विद्यापीठाचा किंवा एखाद्या रिसर्च फेलोशिपचा ऑनलाइन फॉर्म भरत आणलाय. मार्कमेमो अपलोड झाला, फोटो झाला, सही झाली. आणि शेवटच्या पानावर गाडी थांबली. तिथं लिहिलंय, तुम्हाला शिकवलेल्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवीत.

आपल्याला या गोष्टीची सवय नाही. दहावी-बारावीनंतरचे आपले बहुतेक प्रवेश मार्कांवर, सीईटीवर आणि कॅप राउंडवर होतात. शाळेकडून काय मागायचं, तर टीसी, बोनाफाईड आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला. त्यामुळे ‘शिफारस’ हा शब्द ऐकला की आपल्या डोक्यात वेगळंच चित्र येतं. कोणाची तरी चिठ्ठी, कोणाचा तरी फोन. थोडक्यात, वशिला. मग मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या पोराला आपल्या सरांकडं जायचीच लाज वाटते. दुसरा एखादा स्वतःच मजकूर टाइप करून नेतो, सरांनी फक्त सही करावी एवढीच त्याची अपेक्षा असते.

दोघांचंही चुकतंय. का ते समजून घ्यायचं असेल, तर एका विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. नाव तुम्हाला पाठ आहे. त्यांचा पुतळा तुमच्या गावात आहे, फोटो घरात आहे, 14 एप्रिल कॅलेंडरवर आहे. पण त्यांच्या शिक्षणाच्या वाटेवर कोणत्या शिक्षकाने त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि कधी, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

बागेत वाचत बसलेला मुलगा

भीमराव आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891चा, महू इथला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते, लष्करी शाळेत शिकवायचे. पुढे सातारा आणि मग मुंबई. मुंबईत हे कुटुंब परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहायचं. स्वयंपाक, झोपणं, पाहुणे आणि अभ्यास, सगळं त्याच खोलीत. गोंगाट थांबल्याशिवाय अभ्यास व्हायचा नाही, म्हणून भीमराव रात्री लवकर झोपत आणि मध्यरात्र उलटली की वडील त्यांना उठवत. पुस्तकं घ्यायला पैसे कमी पडले, तर रामजी लग्न झालेल्या मुलीकडं जाऊन तिचा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल. सरकारी, नावाजलेली. पण अस्पृश्य म्हणून वागवणं तिथंही सुटलं नव्हतं. संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्यांना फारशी घ्यावी लागली. हे मुद्दाम सांगतोय. शाळा मोठी असली म्हणून तिथला प्रत्येक शिक्षक तुमच्या पाठीशी उभा राहतोच असं नाही. त्या काळात तर नाहीच.

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. त्याच बागेत एक गृहस्थ संध्याकाळी यायचे. त्यांचं नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर. मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. सुधारक विचारांचे आणि मराठीतले चांगले लेखक. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र त्यांनी लिहिलं, गौतम बुद्धांचं चरित्रही लिहिलं. रोज एकाच जागी पुस्तकात डोकं घालून बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, बोलणं वाढलं. मग काय वाचावं हे केळुसकर सांगू लागले, पुस्तकं देऊ लागले.

इथं जरा थांबा. केळुसकर हे भीमरावांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. त्यांच्या हजेरीपटावर या मुलाचं नाव नव्हतं. त्यांनी त्याचा एकही पेपर तपासलेला नव्हता. पण हा मुलगा रोज वाचतो आणि वाचलेल्यावर बोलू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पुढचं सगळं यातून घडलं.

भीमरावांनी परीक्षेत यश मिळवलं, तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्यांचा जाहीर सत्कार करायचा होता. रामजींना ते पटेना, पोराच्या डोक्यात हवा जाईल असं त्यांना वाटत होतं. लोक केळुसकरांकडं गेले, केळुसकर रामजींकडं आले आणि त्यांना राजी केलं. त्या सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. हे पुस्तक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडं परत यायचंय.

750 पैकी 282

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. मार्क पडले 750 पैकी 282. हिशोब करा, अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. तेव्हाची मॅट्रिक अवघड होती, तिची तुलना आजच्या टक्केवारीशी करता येणार नाही, हे खरं. तरी नुसत्या मार्कांच्या यादीत बोट फिरवून कोणी विद्यार्थी निवडला असता, तर हे नाव वर आलं नसतं.

एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला. इंटरपर्यंत वडिलांनी कसंबसं रेटलं, पुढं मात्र पैसे संपले. शिक्षण तिथंच थांबायची वेळ आली. दरवर्षी आपल्याकडंही असं होतं. पोरगं हुशार असतं, पण फी आणि खोलीभाडं यांचा मेळ बसत नाही. मग ते कुठंतरी कामाला लागतं आणि कॉलेज सुटतं ते सुटतंच.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करायची तयारी जाहीर केली होती. पण अशी घोषणा होते एका सभेत, आणि गरजू मुलगा बसलेला असतो चाळीतल्या खोलीत. या दोघांची गाठ घालून देणारं कोणीतरी लागतं. ते काम केळुसकरांनी केलं. त्यांनी नुसतं पत्र पाठवलं नाही. ते स्वतः महाराजांना भेटले, त्यांना घोषणेची आठवण दिली आणि भीमरावांना सोबत घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरं दिली. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

आता वशिला आणि शिफारस यांतला फरक बघा. वशिला लावणारा सांगतो, हा आपला माणूस आहे, याचं काम करा. तिथं तुम्ही कोणाचे, एवढंच बघितलं जातं. तुम्हाला काय येतं, हे कोणी विचारत नाही. केळुसकरांनी उलट केलं. त्यांच्या आणि भीमरावांच्या जातीत, घरात, पैशात काहीच समान नव्हतं. हा मुलगा शिकू शकतो, हे मी पाहिलंय, एवढाच त्यांचा आधार. त्यांनी दार उघडून दिलं आणि पुढची परीक्षा भीमरावांना स्वतःच द्यावी लागली. उत्तरं देता आली नसती, तर ती शिफारस तिथंच संपली असती.

कॉलेजातही एक-दोन चांगले शिक्षक भेटले. प्राध्यापक मुल्लर त्यांना पुस्तकं द्यायचे, कपडेसुद्धा दिले. 1912 साली भीमराव बी. ए. झाले.

न्यूयॉर्क ते लंडन

1913च्या सुरुवातीला ते बडोद्याच्या नोकरीत गेले आणि काही दिवसांतच, 2 फेब्रुवारीला, वडील वारले. दागिने गहाण ठेवणारा बाप मुलाचं पुढचं शिक्षण बघायला राहिला नाही. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरवलं, त्यांत भीमरावांची निवड झाली. 4 जून 1913ला करार झाला. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, ही अट. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, महिन्याला साडेअकरा पौंड. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन, त्या विषयातलं जगभर मानलं जाणारं नाव. भीमराव त्यांच्या वर्गात बसले, त्यांच्या हाताखाली संशोधन केलं. 1915मध्ये एम. ए. झाले. पुढं सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल शिफारसपत्र लिहिलं. चर्नी रोडच्या बागेतून सुरू झालेली साखळी आता अटलांटिक ओलांडून गेली होती.

1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. निघण्याआधी त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून परवानगी मिळवून ठेवली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास तिथूनच पुढं चालू करता येईल. परतीच्या वाटेवर पुस्तकांचं सामान वेगळ्या जहाजाने येत होतं. महायुद्ध चालू होतं. ते जहाज टॉर्पेडोने बुडालं. पुस्तकं गेली, पण हातात ती परवानगी होती.

जिथं शिफारस चालली नाही

आता गोष्टीतला कडू भाग. तो वगळला तर ही गोष्ट खोटी होईल.

करारानुसार भीमराव बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियाचं शिक्षण, लंडनचा अनुभव, खुद्द महाराजांची मर्जी. यापेक्षा मोठी शिफारस कोणाकडं असते? तरी त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी खानावळीत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. ऑफिसातले शिपाईसुद्धा फाइल हातात देत नव्हते, लांबून टाकत होते. दिवसभर झाडाखाली बसून ते मुंबईला परतले.

म्हणजे एका शिक्षकाचा शब्द कॉलेजचं दार उघडू शकतो. समाजाचं दार त्याने उघडत नाही. हे त्यांना तिथं कळलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या दारासाठी गेलं.

पण अर्धं राहिलेलं शिक्षण त्यांनी सोडलं नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दोन वर्षांच्या आत-बाहेर प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. 1920मध्ये ते परत लंडनला गेले, ठरलेल्या मुदतीच्या आत. 1921मध्ये एम. एस्सी. आणि 1923मध्ये डी. एस्सी. झाले, बॅरिस्टरही झाले.

त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923मध्ये पुस्तक म्हणून आला. त्याला प्रस्तावना कॅनन यांनी लिहिली. गंमत म्हणजे पुस्तकातल्या बऱ्याच मुद्द्यांशी आपण सहमत नाही, हे कॅनन यांनी त्याच प्रस्तावनेत सांगून टाकलं आणि तरीही कामाचं मोल मान्य केलं. आपल्यातल्या अनेकांना वाटतं, सरांच्या हो ला हो केलं तरच सर चांगलं लिहितील. चांगला शिक्षक तसा नसतो. वर्गात त्याच्याशी वाद घालणारा विद्यार्थी त्याच्या जास्त लक्षात राहतो, फक्त वादाआधी वाचलेलं असलं पाहिजे.

ओळख नसलेल्यांसाठी

बाबासाहेबांच्या मनात एक प्रश्न कायम राहिला असणार. मला बागेत केळुसकर भेटले. ज्याला कोणीच भेटलं नाही, त्याचं काय?

त्याचं उत्तर त्यांनी पुढं दिलं, ते कामातून. 1942 ते 1946 या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती योजना 1944मध्ये सुरू झाली. आज महाडीबीटी पोर्टलवर तुम्ही किंवा तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र ‘पोस्ट मॅट्रिक’चा फॉर्म भरतो ना, त्याची मुळं तिथं आहेत. त्या फॉर्मवर कोणत्याही महाराजाची भेट घ्यावी लागत नाही. ओटीपी येत नाही म्हणून आपण वैतागतो, ते वेगळं. पण ती मदत हक्काची आहे, कोणाच्या ओळखीची नाही.

1945मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. आणि मग नजर वळली आपल्याकडं. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. 1950 साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो 1 मे 1981ला झाला. औरंगाबाद जिल्ह्यातलाच हा एक तालुका. इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर नागसेनवनात कॉलेज उभं राहिलं, सोबत वसतिगृह आलं, आणि मुंबई-हैदराबादला जाणं ज्यांना शक्य नव्हतं त्या घरांतली मुलं पदवीपर्यंत पोचू लागली. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या पहिल्या पदवीधराला विचारा, शिक्षण कुठं झालं. मिलिंदचं नाव निघण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुमच्या फॉर्मकडं वळू

या गोष्टीतून तुम्ही काय घ्यायचं? सगळ्यात आधी, शिक्षक निवडताना पद बघू नका. प्राचार्यांची सही भारी दिसते, पण त्यांनी तुम्हाला कधी पाहिलंच नसेल, तर ते काय लिहिणार? विद्यार्थी हुशार, होतकरू आणि सुस्वभावी आहे, यापलीकडं काही नाही. असलं पत्र कोणाच्याही नावाने चालतं, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचं नसतं. त्यापेक्षा ज्या मॅडमनी तुमचा प्रयोग तीनदा फसताना आणि चौथ्यांदा जमताना पाहिला, त्यांच्याकडं जा. शाळेतले सर जास्त ओळखत असतील आणि फॉर्ममध्ये चालत असेल, तर अंबडला किंवा परतूरला गावी जाऊन त्यांना भेटा.

दुसरं, वेळ द्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकू नका. निदान महिनाभर आधी समोर जाऊन विचारा. तुमचे मार्क, केलेले प्रोजेक्ट, कशासाठी अर्ज करताय आणि का, हे एका पानावर लिहून द्या. सरांकडं शंभर-दीडशे पोरं असतात, तुमच्याबद्दलचं सगळं त्यांच्या ध्यानात राहील ही अपेक्षा चूक आहे. पण पत्र त्यांनाच लिहू द्या. इंग्रजीची अडचण असेल, तर त्यांनी मराठीत सांगावं, भाषांतराला कोणाची तरी मदत घेता येईल. मजकुरातलं पाहिलेलं मात्र त्यांचंच असलं पाहिजे. आणि सर नाही म्हणाले, तर राग मानू नका. ओळख नसताना लिहायला नकार देणारा शिक्षक प्रामाणिक असतो.

तिसरं, हे फॉर्म यायच्या आधीचं आहे. कोणीतरी तुम्हाला ओळखावं, यासाठी आधी दिसावं लागतं. पुढे-पुढे करणं म्हणजे दिसणं नाही. केळुसकरांना दिसावं म्हणून भीमराव बागेत बसले नव्हते. ते वाचायला बसले होते. तुम्ही अभ्यासिकेत बसा, मोतीबागेत बसा, कॉलेजच्या लायब्ररीत बसा. अडलेला प्रश्न तास संपल्यावर विचारा. वर्षभर असं केलं, तर पत्र मागायच्या दिवशी सरांना तुमचं नाव विचारावं लागणार नाही.

शेवटचं म्हणजे, निकाल लागला की सरांना सांगा. निवड झाली तरी, नाही झाली तरी. शंभरातले नव्वद जण हे विसरतात.

ते बुद्धचरित्राचं पुस्तक आठवतंय? केळुसकर 1934 साली वारले. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी, आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना, बुद्धाकडं आपण पहिल्यांदा कसे वळलो हे सांगायची वेळ आली. तेव्हा घटनेचे शिल्पकार असलेल्या या माणसाने दादा केळुसकरांचं नाव घेतलं. तो सत्कार, वडिलांचा नकार, केळुसकरांनी घातलेली समजूत आणि भेट मिळालेलं ते पुस्तक, सगळं सविस्तर लिहिलं. मध्ये जवळपास पन्नास वर्षं गेली होती.